शिडाच्या बोटीत संडास कुठे असावा? केबिनच्या मांडणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या म्हादेई या शिडाच्या बोटीवरून नौदलाचे दिलीप दोंदे 2010 साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून आले. 2017-18 मध्ये तारिणी या दुसऱ्या शिडाच्या बोटीवरून नौदलाच्या सहा महिला अधिकारी जग फिरून आल्या. तेव्हापासून शिडाच्या बोटीबद्दल कुतूहल असलेली माणसं बरीच भेटतात. बोट पाहायला आलेले पाहुणे आधी डोलकाठीकडे बघतात, शिडांबद्दल विचारतात, आणि मग जरा आवाज खाली करून म्हणतात, "आणि संडासाचं काय?" लाजण्यासारखं त्यात काहीच नाही. दोन-चार दिवसांच्या प्रवासात बोट सुखाची वाटेल की नकोशी, हे या खोलीवर फार अवलंबून असतं. खालची उत्तरं 27 ते 45 फुटी, एका सांगाड्याच्या, राहून प्रवास करायच्या बोटी डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

बोटीवर संडासाला 'हेड' का म्हणतात?

जुन्या मोठ्या जहाजांवर खलाशांनी शौचाला बसायची जागा अगदी पुढच्या टोकाला, म्हणजे आपले कोळी जिला नाळ म्हणतात तिथे असे. चौकोनी शिडांच्या जहाजांना वारा बहुतेक वेळा मागून मिळायचा, त्यामुळे घाण आणि वास पुढे निघून जायचा आणि लाटांचे फवारे ती जागा धुऊन काढायचे. नाव टिकलं, कारण मात्र उरलं नाही. आजची शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडावरही चालते, आणि नांगरावर उभी असताना तर तिचं तोंड वाऱ्याकडेच असतं. अशा वेळी नाळेकडच्या मैल्याच्या टाकीचा श्वासनळा, म्हणजे हवेची नळी, सगळ्या डेकवरून वास मागे आणतो आणि संध्याकाळी कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या उघड्या जागेत, चहा घेत बसलेल्यांना तो मिळतो.

सध्याच्या बोटींत तो साधारण कुठे असतो?

दोन जागा ठरलेल्या आहेत. पहिली पुढे: नाळेतला त्रिकोणी पलंग आणि बसायची खोली यांच्या मध्ये, एका बाजूला संडास, समोर कपड्यांचं कपाट. 1970 च्या दशकातल्या बहुतेक 30-35 फुटी बोटी अशाच आहेत. तेव्हाच्या बोटी मागे निमुळत्या असायच्या आणि मागे खोल्या काढायला जागाच नसायची. पुढे 1980 च्या दशकात बोटींची मागची बाजू रुंद होत गेली. कॉकपिटमधून खाली उतरायच्या जिन्याच्या एका अंगाला दोघांच्या झोपण्याची खोली आणि दुसऱ्या अंगाला संडास बसू लागला. ही दुसरी जागा. मोठ्या बोटींत दोन्ही असतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो: समुद्रावर रात्री काढायच्या असतील आणि बोटीत एकच संडास मावणार असेल, तर तो जिन्याच्या पायथ्याशीच हवा.

पुढे असला तर नेमकं काय बिघडतं?

बोट लाटांवर पुढे-मागे डुलते ती मधल्या भागाच्या थोड्या मागे असलेल्या एका बिंदूभोवती, सी-सॉच्या फळीसारखी. समजा बोट दोन्हीकडे 8 अंश डुलते आहे. त्या बिंदूपासून 4 मीटर पुढे बसलेला माणूस सुमारे 55 सेंटिमीटर वर जातो आणि तितकाच खाली येतो. एकूण हेलकावा एक मीटरच्या वर, आणि दर तीन-चार सेकंदांनी. तोच माणूस बिंदूपासून 1 मीटरवर बसला असेल तर एकूण हेलकावा 30 सेंटिमीटरच्या आत राहतो.

आमची पहिली बोट 27 फुटी होती आणि संडास पुढे. गोव्याला जाताना काहीच जाणवलं नाही, कारण थंडी-उन्हाळ्यात दुपारचा वायव्य वारा पाठीशी असतो. परत येताना तोच वारा तोंडावर. विजयदुर्गच्या बाहेर बायको आत गेली असताना बोट एका लाटेवरून खाली आदळली. ती भांड्यावरून उचलली जाऊन दारावर फेकली गेली. कोपर फुटलं. पुढचे चौदा तास तिने पाणी प्यायचं टाळलं, कारण पुन्हा तिथे जायचं नव्हतं. पुढच्या संडासाचं खरं नुकसान मला तेव्हा कळलं. माणसं जायचं टाळतात, त्यासाठी पाणी कमी पितात, आणि उन्हात, उलट्या होत असताना, शरीरातलं पाणी कमी होणं हे फार वाईट.

आणखी एक गोष्ट. पहारा संपवून खाली आलेल्याच्या अंगावर ओला रेनकोट असतो, कमरेला पट्टा असतो. संडास पुढे असेल तर तो बसायच्या खोलीतून, झोपलेल्यांच्या पायांशेजारून, गाद्यांवर खारं पाणी गाळत जातो. खाऱ्या पाण्याने भिजलेली गादी गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय नीट वाळत नाही, कारण मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं.

म्हणजे पुढचा संडास वाईटच?

नाही. जे लोक सकाळी निघून संध्याकाळी खाडीत नांगर टाकतात त्यांना तो सोयीचा पडतो. नाळेतल्या पलंगावर झोपलेल्या जोडप्याला रात्री दोन पावलांवर दार मिळतं, बाकीच्यांची झोप मोडत नाही. शिवाय बोटीचा सगळ्यात स्थिर असा मधला भाग झोपायला आणि स्वयंपाकाला मोकळा राहतो. 30 फुटांच्या आत तर मागे संडास काढायला गेलं की ओटा तरी चिंचोळा होतो, नाहीतर एक बर्थ जातो. तिथे पुढचा संडास पत्करावा आणि त्यात पकडायला भक्कम दांडे लावून घ्यावेत.

जिन्यापाशी म्हणजे स्वयंपाकाच्या ओट्यासमोर. आपल्या लोकांना हे पटेल?

हा आक्षेप मी सगळ्यात जास्त ऐकला आहे, विशेषतः आईच्या पिढीकडून, आणि तो मला समजतो. संडास घराबाहेर, परसदारी असण्याची सवय आपल्याकडे सुटून फार काळ झालेला नाही. पण 34 फुटी बोटीत कुठलीही जागा कुठल्याही जागेपासून चार पावलांवरच असते. ओटाही जिन्यापाशी असतो त्याच कारणाने: तिथे हेलकावा कमी, आणि गरम कढई सांभाळणारा माणूस उभा राहू शकतो.

अडचण कमी करायचे उपाय साधे आहेत. संडासाचं दार ओट्याच्या तोंडासमोर न उघडता जिन्याकडे किंवा मागच्या खोलीकडे उघडावं. छताला हवेचा नळा असावा, तोही पाणी गाळून फक्त हवा आत घेणारा. 1930 सालच्या डोराड नावाच्या बोटीवरून अशा नळ्याला डोराडच म्हणतात. हात धुवायचं बेसिन संडासाच्या आत असावं, म्हणजे कोणी ओट्याच्या सिंकमध्ये हात धुणार नाही. आमच्या घरी शेवटी आईचं समाधान झालं ते या बेसिनमुळे.

भांड्याचं तोंड कुठे असावं?

यावर नावाडी लोक तासन्‌तास वाद घालतात. दोन पक्ष आहेत.

पहिला पक्ष म्हणतो, बसणाऱ्याचं तोंड बोटीच्या पुढे किंवा मागे असावं. बोट कलली की माणूस बाजूला घसरतो, पण दोन्ही बाजूंना भिंती जवळ असतील तर खांदा आणि मांडी टेकवून तो निवांत बसतो. दुसरा पक्ष म्हणतो, तोंड आडवं, बोटीच्या मध्याकडे असावं. मग एका कलात पाठ भिंतीला रेलते आणि आरामखुर्चीत बसल्यासारखं वाटतं. खरं आहे, पण दुसऱ्या कलात तोच माणूस पुढे दारावर पडतो, आणि वाऱ्याच्या तोंडावर चालताना कल सारखा बदलावा लागतो.

मी पहिल्या पक्षाचा, पण एका अटीवर: भिंती खरोखर जवळ हव्यात. रुंद खोलीत पुढे तोंड करून बसणं हे आडव्या बसण्यापेक्षाही वाईट, कारण टेकायला काहीच नाही. तुमच्या बोटीत भांडं आडवं असेल तर समोरच्या भिंतीवर पाय रोवायला एक लाकडी पट्टी आणि छातीच्या उंचीवर आडवा दांडा बसवून घ्या. एका दुपारचं काम आहे.

खोली किती मोठी हवी?

प्रदर्शनात उभ्या असलेल्या बोटीत मोठी न्हाणी फार छान दिसते. समुद्रात तीच मारते. सत्तर सेंटिमीटरच्या आसपास रुंदी मला योग्य वाटते. बसल्यावर दोन्ही कोपरं भिंतींना लागली पाहिजेत. पायाखाली घसरणार नाही अशी जमीन, गोल केलेले कोपरे, आणि दार बाहेर उघडणारं. आत कोणी भोवळ येऊन पडलं तर आत उघडणाऱ्या दाराला त्याच्याच अंगाची अडसर होते.

संडासामुळे बोट बुडते असं ऐकलंय. खरं का?

हो. आणि म्हणून या प्रश्नाला मी जास्त जागा देतो आहे.

नेहमीच्या सागरी संडासाला बोटीच्या तळाशी दोन भोकं असतात: समुद्राचं पाणी आत घ्यायला साधारण 19 मिलिमीटरचं आणि मैला बाहेर टाकायला 38 मिलिमीटरचं. प्रत्येकावर सीकॉक म्हणजे बंद करायची तोटी असते. 38 मिलिमीटरचा नळ पाण्याच्या पातळीखाली 60 सेंटिमीटरवर निसटला तर मिनिटाला 100 लिटरहून जास्त पाणी आत येतं. हातपंपाने ते उपसणारा माणूस लवकर थकतो.

नळ न निसटताही पाणी येऊ शकतं. भांड्याची कड पाण्याच्या पातळीखाली असेल, तर एकदा सुरू झालेला प्रवाह आपोआप चालू राहतो. डब्यातून रॉकेल काढायला नळी लावायचो तसं. हे थांबवायला नळाचा उलटा यू आकाराचा वळसा पाण्याच्या पातळीच्या बराच वर न्यायचा आणि त्याच्या माथ्यावर हवा घेणारी छोटी झडप बसवायची. हवा आत शिरली की प्रवाह तुटतो.

इथे संडास कुठल्या बाजूला आहे याला महत्त्व येतं. मध्यरेषेपासून 1.2 मीटर लांब असलेलं भांडं, बोट 25 अंश कलली की जवळजवळ अर्धा मीटर खाली जातं. बंदरात पाण्याच्या वर दिसणारी कड समुद्रात पाण्याखाली असते. संडास डावीकडे असेल आणि पहाटे जमिनीवरून येणाऱ्या मतलई वाऱ्यात तुम्ही उत्तरेकडे जात असाल, तर बोट डावीकडेच कललेली असते, तासन्‌तास. म्हणून वळशाची उंची बोट सरळ उभी असताना मोजून चालत नाही, कललेल्या पातळीवरून मोजावी लागते. संडास मध्यरेषेच्या जितका जवळ तितकी ही काळजी कमी. मांडणीचा नकाशा बघताना हे कोणी सांगत नाही, म्हणून तुम्हीच पाहा.

सीकॉक हाताला सहज लागला पाहिजे. फळी उचकटून, पोटावर झोपून जर तो बंद करायचा असेल, तर तो कोणी बंद करणार नाही. आमच्या बोटीत नियम असा: वापर झाला की दोन्ही सीकॉक बंद. प्रत्येक नळाच्या टोकाला दोन क्लिपा, आणि प्रत्येक सीकॉकला सुतळीने बांधलेला एक निमुळता लाकडी खुंटा. नळ तुटला तर तो ठोकून भोक बुजवायचं.

वास का येतो, आणि तो जातो का?

जातो, पण कारण शोधावं लागतं. बऱ्याचदा दोष मैल्याचा नसतोच. आत येणाऱ्या नळात समुद्राचं पाणी आठवडाभर साचून राहतं, त्यातले सूक्ष्म जीव मरून कुजतात आणि पहिल्या पंपाला सडक्या अंड्याचा वास येतो. बोट सोडून जाताना भांड्यात गोडं पाणी ओतून, ते पंपातून आणि बाहेरच्या नळातून फिरवून ठेवलं की निम्मं काम होतं. आत येणाऱ्या नळात मात्र ते पोचत नाही. तो नळ बेसिनच्या सांडपाण्याच्या नळाला जोडून घेतला, तर बेसिनमध्ये गोडं पाणी ओतून, सीकॉक बंद करून तोही धुता येतो.

दुसरं कारण म्हणजे अपुरं पंपिंग. 38 मिलिमीटरच्या दोन मीटर नळात सव्वादोन लिटर मावतं. चार वेळा दांडा हलवून बाहेर आलात, तर मैला नळातच राहिला. नळ जितका आखूड तितकं पंपिंग कमी, म्हणून भांडं, टाकी आणि बाहेरचं भोक एकमेकांजवळ असलेली मांडणी चांगली.

तिसरं, नळ स्वतःच वास सोडतो. जुन्या रबर-प्लास्टिकमधून वास हळूहळू बाहेर झिरपतो. गरम पाण्यात पिळलेलं फडकं नळावर गुंडाळा, थोड्या वेळाने फडक्याचा वास घ्या. फडक्याला वास आला तर नळ बदलायचा. याला दुसरा उपाय नाही.

नळाच्या आत लघवी आणि खाऱ्या पाण्यामुळे चुनखडीसारखा थर बसतो आणि भोक लहान होत जातं. महिन्यातून एकदा व्हिनेगर ओतून रात्रभर ठेवावं. ॲसिडच्या बाटल्या वापरू नयेत. आतले रबरी पडदे खराब होतात.

आपल्याला पाण्याने धुवायची सवय. बोटीत जेट स्प्रे बसवता येतो का?

येतो, आणि बसवावा. फक्त गोड्या पाण्याचा हिशेब ठेवा. घरातल्यासारखा जेट दाबून धरला तर लिटर-दोन लिटर पाणी सहज जातं. आम्ही झाकणाला भोकं पाडलेली अर्ध्या लिटरची पिळायची बाटली ठेवतो, ती एका वेळेला पुरते, आणि बोट कितीही कललेली असो, एका हाताने वापरता येते. तांब्या किंवा मग समुद्रात उपयोगाचा नाही.

या सवयीचा मोठा फायदा असा की कागद लागत नाही. सागरी संडास तुंबण्याचं नेहमीचं कारण कागद असतो, आणि तुंबलेला पंप भर समुद्रात खोलणं हे काम ज्याने केलंय तो विसरत नाही. पाहुणे कागद वापरणार असतील तर झाकणाची वेगळी बादली द्या. पॅड, ओले टिश्यू, केस, दोरा यांतलं काहीही भांड्यात जाता कामा नये. ही सूचना आत भिंतीवर लावा आणि निघण्यापूर्वी प्रत्येकाला तोंडानेही सांगा. बायकांसाठी पिशव्या आणि झाकणाचा डबा आतच ठेवा, म्हणजे कोणाला मागायची वेळ येत नाही.

टाकी किती लिटरची आणि कुठे?

दोन माणसं, दिवसाला प्रत्येकी पाच वेळा, दर वेळी दोन लिटर: दिवसाला 20 लिटर. म्हणजे 60 लिटरची टाकी तीन दिवसांत भरते. चार माणसांना दीड दिवस.

भरलेल्या टाकीचं वजन एका माणसाएवढं असतं, म्हणून ती नाळेत किंवा एकदम कडेला नको. मला आवडते ती मांडणी अशी: टाकी संडासाच्या भिंतीमागे, पाण्याच्या पातळीच्या वर. समुद्रात दूर गेल्यावर खालची तोटी उघडली की वजनानेच रिकामी होते, पंप नको, वीज नको. टाकीचा श्वासनळा मात्र जाड हवा. आत हवा खेळती राहिली तर दुर्गंधी करणारे जिवाणू कमी वाढतात.

मैला समुद्रात सोडला तर चालतो का?

मोठ्या जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय नियम आहे: दळून निर्जंतुक केलेला मैला किनाऱ्यापासून 3 सागरी मैलांपलीकडे, प्रक्रिया न केलेला 12 सागरी मैलांपलीकडे, म्हणजे सुमारे 22 किलोमीटर. हा नियम 400 टनांपासूनच्या किंवा 15 हून जास्त माणसांच्या जहाजांना लागतो. आपल्यासारख्या बोटींना त्या त्या देशाचा कायदा. अमेरिकेत 3 सागरी मैलांच्या आत प्रक्रियेविना सोडायला बंदी आहे. तुर्कस्तानात टाकी कुठे रिकामी केली याची नोंद निळ्या कार्डावर ठेवतात. परदेशात बोट भाड्याने घेणार असाल तर निघण्याआधी तिथला नियम विचारून घ्या.

कोकणाबद्दल मात्र मी कायद्याची वाट पाहणार नाही. ओहोटीला खाडीच्या चिखलात उतरून बायका कालवं आणि तिसऱ्या गोळा करतात. ही शिंपली पाणी गाळून जगतात, पाण्यात जे असेल ते त्यांच्यात साठतं, आणि संध्याकाळी ते कोणाच्या तरी कालवणात येतं. जयगड असो की देवगड, खाडीत नांगरलेल्या बोटीने तोटी उघडणं ही माझ्या लेखी अक्षम्य गोष्ट आहे. किनाऱ्यावर टाकी उपसून घ्यायची सोय मिळेलच असं धरून चालू नका. तीन दिवस पुरेल एवढी टाकी ठेवा आणि बाहेर खोल समुद्रात गेल्यावरच उघडा.

पाणी न लागणारा कोरडा संडास कसा?

यात लघवी आणि मैला वेगळे पडतात. मैला कोकोपीटमध्ये मिसळतो, दांड्याने ढवळायचा, आणि एक लहान पंखा ओलावा बाहेर ओढत राहतो. कुंड्यांसाठी जे कोकोपीट आणतो तेच. बोटीला एकही भोक पाडावं लागत नाही, ही फार मोठी गोष्ट. दोन माणसांना मैल्याचा डबा काही आठवडे पुरतो; लघवीचा साधारण आठ लिटरचा डबा मात्र दोन-तीन दिवसांत रिकामा करावा लागतो.

आपल्यासाठी अडचण एकच, पण खरी: धुतलेलं पाणी. ते मैल्याच्या डब्यात गेलं की सगळं ओलं होतं, आणि ओलं झालं की वास येतो. ज्यांनी हा संडास घेतला त्यांनी एकतर कागदाची सवय केली, किंवा धुवायला न्हाणीच्या जाळीवर वेगळी जागा केली. घरातल्या सगळ्यांशी बोलूनच हा निर्णय घ्या.

दोन संडास हवेत का?

भाड्याने द्यायच्या 45 फुटी बोटींत तीन-चार असतात, कारण एकमेकांना न ओळखणारी जोडपी एका बोटीवर येतात. स्वतःच्या बोटीला, चार माणसांच्या कुटुंबाला, एक पुरतो. प्रत्येक संडास म्हणजे आणखी दोन भोकं, आणखी एक पंप, आणखी पाच-सहा मीटर नळ. दुसऱ्याची जागा ओले कपडे टांगायच्या कपाटाला द्या.

झोपायच्या जागा यात कुठे बसतात?

नाळेतला पलंग फोटोत सुंदर असतो, पण वाऱ्याच्या तोंडावर चालताना तिथे झोपता येत नाही. समुद्रात झोपायचं ते मध्यभागी, बसायच्या खोलीतल्या सरळ अरुंद बाकांवर, कडेला कापड बांधून. किंवा जिन्याच्या बाजूला मागे शिरणाऱ्या बर्थवर. संडास जिन्यापाशी असेल तर या दोन्ही ठिकाणांहून तो जवळ पडतो. मांडणी बघताना बंदरात किती जण झोपतात हे विचारू नका, कललेल्या बोटीत किती जण झोपतात ते विचारा. आठ बर्थच्या बोटीत हा आकडा कित्येकदा तीनच निघतो.

कॅटमरानमध्ये, म्हणजे दोन सांगाड्यांच्या बोटीत?

ती फारशी कलत नाही, त्यामुळे वरची निम्मी चिंता मिटते. संडास दोन्ही सांगाड्यांत असतात. अगदी पुढच्या टोकाला असलेले टाळा, मधले घ्या.

लहान बोटीत बादली चालेल?

चालेल. एकट्याने न थांबता जगाला फेरी मारणाऱ्या शर्यतींतल्या 60 फुटी बोटींवरही बादलीच असते, कारण वजन नको आणि भोकं नकोत. भक्कम, कडीची, रबरी बादली, तळात थोडं पाणी, आणि ती घट्ट अडकून बसेल अशी जमिनीवर चौकट. कुटुंब सोबत असेल तर 20 लिटरच्या टाकीचा उचलता येणारा संडास बरा. तोही जिन्यापाशी ठेवा.

पुरुषांनी कठड्यावरून केलं तर?

रात्री कधीच नाही. एक हात कामात, डोळे झोपेत, आणि बोट अचानक हलते. पडलेला माणूस अंधारात दोन मिनिटांत दिसेनासा होतो. खाली जायचं आणि बसूनच करायचं, हा नियम माझ्या बोटीवर सगळ्यांना आहे, मुरलेल्या खलाशालाही.

जुनी बोट बघायला गेल्यावर काय पाहू?

दार लावून आत बसा. पाच मिनिटं बसा, लाज वाटू देऊ नका. दोन्ही खांदे कुठे टेकतात, हात कशाला धरतो, दाराची कडी बसल्या जागी लागते का, हे बघा. मग डोळे मिटून बोट उजवीकडे कलल्याची कल्पना करा, नंतर डावीकडे. उठताना ज्या वस्तूला हात गेला, ती ओढून पाहा. टॉवेलचा दांडा असेल तर तो माणसाचं वजन घेणार नाही. सीकॉकचे दांडे हलवून बघा, न हलणारा सीकॉक नसल्यासारखाच. नळाला गरम फडकं गुंडाळा. आणि शेवटी कॉकपिटमध्ये जाऊन रेनकोट चढवा, कमरेचा पट्टा बांधा, आणि तिथून संडासापर्यंत जाऊन कपडे सोडून बसायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा. आमच्या पहिल्या बोटीत चार मिनिटं लागत होती. आताच्या बोटीत दीड.